पाण्यात उभं पीक तहानलेलं का? मुळीशी ओळख करून घेऊ



गेले आठ दिवस पावसाची उघडीप नाही. ग्रुपवर रोज तेच फोटो येताहेत. सोयाबीन पिवळं पडलंय, तुरीने मान टाकलीय, कपाशी जागेवर थबकलीय. आणि प्रत्येक फोटोखाली एकच प्रश्न: "काय मारू? युरिया टाकू का?"

उत्तराआधी आमचाच एक प्रश्न आहे. रोप खणून मुळी बघितली का?

पान रोज डोळ्यांसमोर असतं, म्हणून आपण दुखणंही पानावरच शोधतो. पण अशा झडीत दुखणं बहुतेक वेळा जमिनीखाली असतं. म्हणून आजचा मेसेज नेहमीपेक्षा लांब आहे. सावकाश वाचा. मुळी कशी असते आणि काम कसं करते हे एकदा कळलं, की कुठे पैसा घालायचा आणि कुठे हात आखडायचा हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

*१) जेवणारी मुळी कोणती?*

सोयाबीन, तूर, कपाशी, हरभरा यांना एक मुख्य सोटमूळ असतं आणि त्याला बाजूने फाटे फुटतात. ज्वारी, गहू, मका, कांदा यांचं तसं नाही. तिथे खोडाच्या बुडातून मुळ्यांचा झुपकाच सुटतो.

रोप खणल्यावर आधी नजरेत भरतं ते जाड, तपकिरी मूळ. त्याचं काम मुख्यतः दोन: झाड धरून ठेवायचं, आणि खालून आलेलं पाणी-अन्न वर पोचवायचं. म्हणजे ती पाईपलाईन झाली. विहिरीवरचा पाईप कितीही मोठा असला तरी पाणी आत येतं ते तळाच्या फूटव्हॉल्व्हमधूनच. पिकाचा फूटव्हॉल्व्ह म्हणजे टोकाकडची बारीक, पांढरी, कोवळी मुळी. आपण जिला 'पांढरी मुळी' म्हणतो, ती हीच.

या पांढऱ्या मुळीचे टोकापासून वर चार भाग असतात.

टोकाला एक टोपी असते. मुळी मातीत घुसताना टोक खरचटू नये म्हणून हे हेल्मेट. टोपी झिजते आणि पुन्हा तयार होते. ती बुळबुळीत रस सोडते, त्यामुळे मुळीला वाट काढायला सोपं जातं. या टोपीतच स्टार्चचे बारीक दाणे असतात. ते वजनाने तळाशी बसतात आणि त्यावरून मुळीला 'खाली कुठे' हे कळतं. बी उलटं पडलं तरी मुळी खालीच का जाते, त्याचं उत्तर हे.

टोपीच्या मागे वाढीचा भाग. इथे नव्या पेशी तयार होतात.

त्याच्या मागे लांब होणारा भाग. पेशी ताणल्या जातात आणि टोक पुढे ढकललं जातं.

आणि त्याच्या मागे सगळ्यात महत्त्वाचा भाग, केसांचा. मुळीच्या सालीवरची एकेक पेशी बाहेर वाढून केस बनते. हे केस बहुधा मिलिमीटरपेक्षाही आखूड असतात, पण मातीच्या कणांच्या फटीत शिरून पाणी आणि अन्न घेतात ते हेच. त्यांचं आयुष्य थोडं, काही दिवसांचं. जुने केस मरतात, मुळी पुढे सरकते, नव्या भागावर नवे केस येतात. म्हणजे मुळी सतत वाढत राहिली तरच पिकाला जेवण मिळत राहतं. मुळीची वाढ थांबली की ताट रिकामं.

हा पसारा किती असतो? डिटमर नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९३७ साली राय नावाच्या गव्हासारख्या पिकाचं चार महिन्यांचं एकच झाड मातीच्या पेटीतून सोडवून मोजलं. सगळ्या मुळ्यांची लांबी जोडली तर ती सुमारे ६२३ किलोमीटर भरली. आपला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, त्याच्यापेक्षा थोडीच कमी. आणि केसांची संख्या निघाली सुमारे १४ अब्ज. एका झाडाची!

म्हणून रोप उपटून मुळी बघू नका. उपटलं की हे सगळं मातीतच तुटून राहतं आणि हातात येतं नुसतं सोटमूळ.

*२) पाणी कसं पिते, खत कसं खाते?*

पाणी खेचण्याचं बळ मुख्यतः पानातून येतं. उन्हाने पानातून बाष्प बाहेर पडतं, तशी पाण्याची सलग धार खोडातून वर ओढली जाते आणि ती ओढ थेट मुळीच्या केसांपर्यंत पोचते.

खताचं मात्र वेगळं आहे. मुळीच्या आत, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांभोवती पेशींची एक गोल भिंत असते. त्या पेशींच्या मधल्या फटी मेणचट पदार्थाने बुजवलेल्या असतात. म्हणून मातीतलं पाणी आणि त्यात विरघळलेलं काहीही परस्पर फटीतून आत घुसू शकत नाही. ते जिवंत पेशीच्या दारातूनच जावं लागतं. हा चेकनाका आहे. कोणतं अन्नद्रव्य किती आत सोडायचं हे इथे ठरतं.

आणि या दारावरच्या गड्यांना मजुरी लागते. ही मजुरी दोन गोष्टींतून तयार होते: पानाने वरून पाठवलेली साखर, आणि मातीतल्या हवेतला ऑक्सिजन. ऑक्सिजन नाही तर मजुरी नाही, मजुरी नाही तर दार बंद. बाहेर खताचा ढीग असला तरी उपयोग शून्य.

आणखी एक गोष्ट. खत मुळीपर्यंत पोचतं कसं?

नत्राचा नायट्रेट हा प्रकार पाण्याबरोबर वाहत मुळीकडे येतो. त्याच कारणाने तो पाण्याबरोबर खाली वाहूनही जातो. स्फुरद मात्र जागचा हलत नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तो चुन्याशी बांधला जातो आणि पडला तिथून जेमतेम काही मिलिमीटर सरकतो. मुळीने त्याच्याकडे जायचं, तो मुळीकडे येत नाही. म्हणून उभ्या पिकात वरून फोकलेलं डीएपी बरंचसं मातीच्या वरच्या थरातच अडकतं. स्फुरद द्यायचा तो पेरणीच्या वेळी, बियाण्याच्या खाली. दोन चाड्याच्या पाभरीने आपले वाडवडील हेच तर करत होते.

*३) मुळी श्वास घेते*

आजच्या मेसेजमधलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: *मुळीला पाण्याइतकीच हवा लागते.*

चांगल्या वाफशाच्या जमिनीत मोठ्या पोकळ्यांतलं पाणी निथळलेलं असतं आणि तिथे हवा आलेली असते. बारीक पोकळ्यांत पाणी टिकून असतं. मुळी दोन्ही घेते. सततच्या पावसाने मोठ्या पोकळ्याही पाण्याने भरल्या की हवेची वाट बंद होते. पाण्यातून ऑक्सिजन सरकतो तो हवेतल्यापेक्षा जवळपास १० हजार पट हळू. जो थोडाफार ऑक्सिजन जमिनीत उरलेला असतो तो मुळ्या आणि जिवाणू मिळून एक-दोन दिवसांत संपवतात.

मग काय होतं बघा.

आधी मजुरी बंद, म्हणून अन्नद्रव्य घेणं बंद. मग मुळीच्या पेशींमधल्या पाण्याच्या वाटाही आखडतात. पाऊस थांबून कडक ऊन पडलं की पान पाणी मागतं, पण मुळी देऊ शकत नाही. शेतात पाणी तुंबलेलं आणि दुपारी तूर-कपाशी कोमेजलेली दिसते ती यामुळे. पीक पाण्यात उभं राहून तहानेने मरतं.

त्याच वेळी जमिनीत दुसरा तोटा सुरू होतो. हवा संपली की काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरायला लागतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं. काही नत्र पाण्याबरोबर खाली जातं. अशा चिखलात युरिया फेकला तर मुळी तो घेणार नाही. तो उडेल नाहीतर वाहून जाईल. गोणीचे पैसे मात्र तुमच्या खिशातून गेले.

'पांढरी मुळी वाढवणाऱ्या' बाटल्यांचंही तसंच. त्यांना सरसकट वाईट म्हणायचं नाही. पण गुदमरलेल्या माणसाला आधी खिडकी उघडून द्यायची की टॉनिक पाजायचं, हे तुम्हीच सांगा.

*४) सोयाबीन-तुरीच्या गाठी*

कडधान्य आणि सोयाबीनच्या मुळ्यांवर ज्या गाठी असतात, त्यात रायझोबियम जिवाणू राहतात. हा जिवाणू मुळीत शिरतो तो त्या बारीक केसातूनच. केस त्याच्याभोवती वाकडा होतो आणि त्याला आत घेतो. झाड त्याला साखर देतं, तो हवेतलं नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात देतो. हे काम खूप खर्चिक असतं आणि त्यालाही ऑक्सिजन लागतो. पाणी तुंबलं की गाठीही थंडावतात. पावसाच्या झडीत सोयाबीन पिवळं पडण्याचं हे मोठं कारण आहे.

गाठ नखाने चिरून बघा. आतून गुलाबी-लाल दिसली तर ती काम करतेय. हा रंग आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याच्या भाऊबंदाचा आहे. गाठीत ऑक्सिजन बेताने पुरवण्याचं काम तो करतो. आतून पांढरी असेल तर गाठ अजून कामाला लागलेली नाही. हिरवट, करडी किंवा तपकिरी असेल तर तिचं काम संपलंय.

आणि हो, सोयाबीनला जास्त युरिया दिला की गाठी कमी धरतात. आयतं मिळतंय म्हटल्यावर झाड जिवाणूला कशाला पोसेल?

*५) दहा मिनिटांची तपासणी*

हे काम पाऊस थांबल्यावर, औषधाच्या दुकानात जाण्याआधी करा.

- शेतात तीन जागा निवडा: एक चांगली, एक मध्यम, एक सगळ्यात खराब.
- रोपाभोवती वीतभर अंतर सोडून फावडं घाला आणि मातीच्या ढेकळासकट रोप काढा.
- ते ढेकूळ बादलीभर पाण्यात भिजू द्या. हलकेच हलवत माती सुटू द्या. ओढू नका.
- आता मुळी पांढऱ्या कापडावर पसरून बघा.

*रंग:* टोकं पांढरी आणि भरपूर असतील तर मुळी चालू आहे. सगळी टोकं तपकिरी असतील तर वाढ थांबलीय. काळी आणि मऊ असतील तर कूज लागलीय.

*चिमटीत ओढून:* मुळीची साल सरकून निघाली आणि आत नुसता दोरा राहिला तर ती मुळी मेलेली आहे.

*वास:* ओल्या मातीचा चांगला वास येतो की गटारासारखा? घाण वास म्हणजे जमीन गुदमरलीय.

*दिशा:* सोटमूळ सरळ खाली गेलंय की चार-सहा बोटांवर काटकोनात वळलंय? वळलं असेल तर खाली कडक थर आहे. त्याच त्याच खोलीवर वर्षानुवर्षं रोटाव्हेटर आणि नांगर फिरला, ओल्या रानात ट्रॅक्टर गेला, की हा थर बसतो. त्यावर पाणीही अडतं आणि मुळीही.

*तुरीसाठी जादा:* कोमेजलेल्या तुरीचं खोड उभं चिरा. आत काळपट-तपकिरी रेषा दिसल्या तर तो बुरशीचा मर रोग आहे. खोड आतून स्वच्छ आणि आजूबाजूला पाणी साचलेलं असेल तर आधी पाण्याचा बंदोबस्त.

*६) पिवळेपणा कोणता ते ओळखा*

खालची जुनी पानं सगळीच फिकट-पिवळी: नत्र कमी पडतंय. बहुधा मुळी आणि गाठी गुदमरल्यात.

वरची नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या: लोह कमी पडतंय. जमिनीत लोह नसतं असं नाही. चुनखडीच्या ओल्या जमिनीत ते मुळीला घेता येत नाही. वाफसा आल्यावर पुष्कळदा पीक आपोआप हिरवं होतं.

पानांवर हिरवे-पिवळे ठिपके, चट्टे आणि मुळी बघितली तर छान पांढरी: हा पिवळा मोझॅक असू शकतो. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. त्याला खत हे उत्तर नाही. अशी झाडं दिसताच उपटून नष्ट करा आणि माशीचा बंदोबस्त करा.

तीन कारणं, तीन वेगळे उपाय. फोटोवरून पटकन उत्तर द्यायला आम्ही कचरतो ते म्हणूनच.

*७) आता काय करायचं? क्रम चुकवू नका*

*पहिलं, पाणी काढा.* उताराच्या बाजूने चर मोकळे करा. दोन चर कमी पडले तर चार काढा. साधारण दोन दिवसांच्या पुढे पाणी साचून राहिलं की नुकसान वाढत जातं. म्हणून हे काम उद्यावर टाकू नका.

*दुसरं, वाफसा येऊ द्या.* मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. गोळा पसरट होऊन चिकटला तर थांबा. फुटला तर वाफसा आला. चिखलात पाय, बैल, ट्रॅक्टर काहीच घालू नका. ओली काळी माती दाबली गेली की पोकळ्या मिटतात आणि ते नुकसान हंगामभर राहतं.

*तिसरं, वाफशावर कोळपणी-डवरणी.* वरचा थर मोकळा झाला की हवा आत जाते. सोयाबीन फुलावर आलं असेल तर मात्र कोळपं घालू नका. मुळ्या तुटतात, फुलं गळतात.

*चौथं, मुळी सावरेपर्यंत पानातून आधार.* १९:१९:१९ हे विद्राव्य खत १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम घेऊन फवारा. लोहाची लक्षणं दिसत असतील आणि वाफसा आल्यावरही पानं हिरवी होत नसतील तर ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि २५ ग्रॅम चुना १० लिटर पाण्यात घेऊन, गाळून, वेगळी फवारणी करा. ती दुसऱ्या औषधात मिसळू नका. फवारणी हा आधार आहे, जेवण नाही. पिकाचं पोट मुळीनेच भरतं.

*पाचवं, जमिनीतून खत सगळ्यात शेवटी.* कपाशीचा नत्राचा हप्ता वाफशावरच द्या आणि मातीआड करा. द्यायच्या आधी परत एक रोप खणा. नवी पांढरी टोकं फुटलेली दिसली की समजा, दार उघडलं. आता दिलेलं खत लागू पडेल.

*८) पुढच्या पेरणीसाठी*

भारी काळ्या जमिनीत सपाट पेरा म्हणजे दर झडीला हीच गत. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने १९७० च्या दशकात अशाच काळ्या जमिनींसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत विकसित केली. आपण तिला बीबीएफ म्हणतो. वरंब्यावर पीक, सरीतून जादा पाणी बाहेर, आणि खंड पडला तर सरीतली ओल कामाला. बीबीएफ यंत्र नसेल तर सोयाबीनच्या दर चार ओळींनंतर एक सरी काढा. तेवढ्यानेही मुळीला श्वास मिळतो.

सोयाबीनमध्ये तूर घेतो त्यामागेही मुळीचाच हिशोब आहे. सोयाबीनच्या बहुतेक मुळ्या वरच्या फूटभर थरात असतात, तूर मात्र दीड मीटरच्याही खाली जाते. दोघी एका ताटात जेवत नाहीत. आणि रब्बीत हरभरा घ्याल तेव्हा हेही आठवा: त्याची मुळी आम्लं सोडून चुन्याने बांधलेला थोडा स्फुरद स्वतःच सोडवून घेते. आपल्या काळ्या जमिनीत हरभरा जमतो त्यामागे तिचाही हात आहे.

*शेवटचं*

उघडीप मिळाली की एक फावडं, एक बादली आणि दहा मिनिटं काढा. ग्रुपवर फोटो टाकताना आता नुसत्या पानाचा टाकू नका. धुतलेली मुळी, चिरलेली गाठ आणि शेतातली पाण्याची स्थिती, असे तीन फोटो टाका. त्यावरून सल्ला देणं आम्हालाही सोपं जाईल आणि तुमचा एखादा नको तो खर्चही वाचेल.

घरातली पोरं सोबत घेऊन हे करा. गाठीतला गुलाबी रंग त्यांना दाखवा. आणि ज्यांच्या फोनवर हा मेसेज आला नसेल त्या शेजाऱ्याला वाचून दाखवा. पाणी त्याच्या बांधावरून तुमच्या शेतात येतं, तुमचं त्याच्या. चर दोघांनी मिळून काढला तरच तो वाहतो.

आपलीच,
शेतकरी उत्पादक कंपनी, पीक सल्ला विभाग